ही गोळी किती वर्षं घ्यायची?

माझ्या वर्गातला एक मुलगा दर तिसऱ्या आठवड्याला दोन दिवस गैरहजर असतो. सातवीत आहे, पण चणीने पाचवीतला वाटतो. गैरहजेरीच्या दोन दिवसांपैकी पहिल्या दिवशी त्याला रक्त चढवलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तो झोपून असतो. तिसऱ्या दिवशी शाळेत येतो तेव्हा गालांवर रंग असतो आणि मराठीच्या तासाला हात सगळ्यांच्या आधी वर जातो. त्याला थॅलेसेमिया मेजर आहे. पुढची तारीख जवळ आली की तो पुन्हा फिका पडत जातो, आणि कॅलेंडर न बघताही मला कळतं की आता एक-दोन दिवसांत त्याचं बाक रिकामं असणार.

मागच्या वर्षी पालकसभेनंतर त्याची अम्मी थांबली. वडाळ्याकडे राहतात, ती घरी शिलाई करते, नवरा रिक्षा चालवतो. पिशवीतून तिने एक जाडजूड फाईल काढली आणि त्यातली कॅप्सूलची पट्टी माझ्यासमोर ठेवली. पट्टीवर नाव होतं डिफेरिप्रोन. ती म्हणाली, "सर, आप पढे-लिखे हो. ये गोली बच्चा कब तक खाएगा? और इतने साल खाने से अंदर कुछ नुकसान तो नहीं?"

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बीएडला बालमानसशास्त्र होतं, औषधशास्त्र नव्हतं. मी तिला सांगितलं की हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा. ती म्हणाली, "पूछा था. बोले, ज़िंदगी भर." उत्तराचा अर्धा भाग तिला मिळाला होता. उरलेल्या अर्ध्यासाठी मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता मुंबईत पोचलो, कारण हे औषध जगात सगळ्यात आधी बाजारात आलं ते आपल्याच देशात, मुंबईतल्या एका कंपनीकडून. त्या वेळी या आईच्या प्रश्नाचं उत्तर जगात कुणाकडेच नव्हतं.

आधी आजाराबद्दल थोडं. रक्तातलं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकात दोष असला की लाल पेशी नीट बनत नाहीत. दोष आई-बाप दोघांकडून आला तर मूल मेजर होतं. एकाकडून आला तर मायनर, म्हणजे वाहक. मायनर माणूस आयुष्यभर धडधाकट असतो आणि त्याला बहुधा याची खबरही नसते. दोघं मायनर असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. १९२५ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला थॉमस कूली या बालरोगतज्ज्ञाने हा आजार प्रथम वेगळा ओळखला. त्याचे रुग्ण भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून आलेल्या कुटुंबांतले होते, म्हणून पुढे समुद्राला असलेल्या ग्रीक शब्दावरून थॅलेसेमिया हे नाव पडलं.

आपल्याकडे हा आजार सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत दिसतो, तसा मेमन, खोजा, बोहरा अशा मुस्लिम जमातींतही दिसतो. हे सांगितलं की कुणीतरी लगेच म्हणतं, "चुलत-मामेभावंडांत लग्नं करता ना तुम्ही!" नात्यातल्या लग्नांनी धोका वाढतो हे खरं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या समाजांत नात्यातलं लग्न निषिद्ध आहे तिथेही हा आजार आहे, कारण लग्नं शेवटी जातीतल्या जातीतच होतात. आणि टोमण्याने कुणाचं हिमोग्लोबिन वाढत नाही. इराणने १९९७ पासून लग्नाआधीची तपासणी देशभर सुरू केली, सौदी अरबस्तानने २००४ पासून सक्तीची केली. निकाहच्या आधी एक रक्ततपासणी करण्याला धर्माचा अडसर असता तर ती तिथे झाली नसती. आपल्याकडे मंडप, बिर्याणी, बँड सगळं सहा महिने आधी ठरतं, ही तपासणी तेवढी राहते. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे मला आधीच जन्मलेल्या मुलाबद्दल बोलायचं आहे.

या मुलाला रक्त दिलं की तो जगतो. पण रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं, आणि माणसाच्या शरीराला जादा लोह बाहेर टाकण्याचा मार्गच नाही. दिवसाला एखादा मिलिग्रॅम आपोआप जातो, तेवढाच. म्हणजे रक्ताने वाचवलेलं मूल रक्तातल्याच लोहाने हळूहळू गंजतं. लोह यकृतात साठतं, स्वादुपिंडात साठून मधुमेह करतं, मेंदूतल्या ग्रंथीत साठून वाढ खुंटवतं, आणि शेवटी हृदयात साठतं. लोह काढण्याचा उपाय नव्हता तेव्हा ही मुलं साधारण विशीच्या आत-बाहेर जायची, बहुतेक वेळा हृदय बंद पडून.

पहिला खरा उपाय आला १९६० च्या दशकात. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने एका जिवाणूपासून डेसफेरॉक्सामिन काढलं, व्यापारी नाव डेसफेरल. ते लोहाला पकडतं आणि लघवी-शौचावाटे बाहेर नेतं. पण पोटातून घेतलं तर कामाचं नाही. ते कातडीखाली, अगदी सावकाश, आठ ते बारा तास जावं लागतं. म्हणून १९७० च्या दशकात एक छोटा पंप आला. रात्री मुलाच्या पोटावर किंवा मांडीवर सुई टोचायची, पंप कमरेला बांधायचा आणि सकाळी काढायचा. आठवड्यातल्या पाच-सहा रात्री, दर आठवड्याला, जन्मभर. ज्या देशांत सरकार किंवा विमा पैसे भरत होता तिथल्या मुलांची एक पिढी या पंपावर मोठी झाली. त्यांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली.

इथे काय होतं? औषध परदेशी, पंप परदेशी आणि किंमत नोकरदार माणसाच्याही पगाराबाहेरची. आईबापांनी दागिने विकले, काहींनी आठवड्याला दोनच रात्री औषध दिलं, बहुतेकांनी दिलंच नाही. पुढचा इतिहास वाचताना हे सतत लक्षात ठेवावं लागतं. लंडन-टोरांटोच्या डॉक्टरांपुढे दोन औषधांतून एक निवडायचा प्रश्न होता. मुंबईच्या आईबापांपुढे, बहुतेकांपुढे तरी, एक औषध किंवा काहीच नाही असा होता.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉबर्ट हायडर आणि जॉर्ज कोंटोघिओर्गेस हे दोन रसायनशास्त्रज्ञ तोंडाने घेता येईल असं लोह पकडणारं संयुग शोधत होते. कोंटोघिओर्गेस मूळचे सायप्रसचे. त्या बेटावर थॅलेसेमियाचे वाहक इतके आहेत की जवळजवळ प्रत्येक खानदानात कुणीतरी सापडतं. त्यांनी बनवलेल्या संयुगाचं प्रयोगशाळेतलं नाव एल-१, पुढे डिफेरिप्रोन. ते बनतं माल्टॉलपासून. भाजलेल्या माल्टला जो गोडसर वास असतो, तो देणारा पदार्थ म्हणजे माल्टॉल. कृती सोपी, कच्चा माल स्वस्त. १९८७ मध्ये लंडनमध्ये ते प्रथम माणसांना दिलं गेलं. लघवीचा रंग तांबूस झाला, म्हणजे लोह बाहेर पडत होतं.

दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, पहिली धोक्याची घंटा वाजली. औषध घेणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. जंतूंशी लढणाऱ्या याच पेशी. त्या गेल्या की साधा घसा दुखणंही जीव घेऊ शकतं. औषध थांबवलं की पेशी परत येतात, पण थांबवायला ते वेळेत कळावं लागतं.

मुंबईत तोवर हे औषध पोचलं होतं. इथे डॉ. एम. बी. अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नासेक रुग्णांना ते दिलं आणि १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या रक्तविज्ञानाच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले. शीर्षकातच दीर्घकालीन परिणाम आणि सुरक्षितता हे शब्द होते. लोह कमी होत होतं. पण बऱ्याच रुग्णांचे सांधे दुखत होते, विशेषतः गुडघे सुजत होते, आणि हे प्रमाण परदेशापेक्षा खूप जास्त होतं. भारतीय मुलांना हा त्रास जास्त का होतो यावर पुढे पुष्कळ तर्क झाले. अंगात आधीच साठलेलं प्रचंड लोह हे एक कारण सांगितलं जातं. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, मुंबईतल्याच दुसऱ्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये कळवलं होतं की एल-१ घेणारा एक रुग्ण ल्युपस या आजाराने दगावला. हा औषधाचा दोष की योगायोग, यावर लंडन आणि मुंबईत बराच पत्रव्यवहार झाला. मला यातलं महत्त्वाचं वाटलं ते हे की औषधाच्या बाजूचे डॉक्टर मुंबईचे होते आणि शंका घेणारेही मुंबईचे होते. भारतीय डॉक्टर परदेशी संशोधनाची वाट बघत बसले होते असं नाही. ते या वादाच्या अगदी मध्यभागी होते.

१९९३ मध्ये सीबा-गायगीने, म्हणजे डेसफेरल विकणाऱ्या त्याच कंपनीने, एल-१ चा पाठपुरावा सोडून दिला. प्राण्यांवरच्या चाचण्यांत विषारीपणा दिसला हे कारण दिलं गेलं. इथे संपू शकली असती गोष्ट.

पण इथे सिप्ला आली. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेली ही कंपनी. अलीगढचा जन्म, बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट, झाकिर हुसेनांचे स्नेही. १९३९ मध्ये गांधीजी त्यांचा कारखाना बघायला आले होते. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांच्या काळात कंपनीने स्वस्त औषधांचा मार्ग धरला. त्याला कायद्याची साथ होती. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नव्हती, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर होती. भारताच्या औषध नियंत्रकांनी १९९४ मध्ये डिफेरिप्रोनला परवानगी दिली आणि १९९५ मध्ये सिप्लाने ते केल्फर या नावाने बाजारात आणलं. लोह काढणारं तोंडाने घ्यायचं औषध त्याआधी जगातल्या कुठल्याही देशात अधिकृतपणे विकलं जात नव्हतं.

आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर हमीद बाप-लेकांची गोष्ट अधूनमधून फिरते. बहुतेक ती २००१ ची असते, एड्सची औषधं दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केल्याची. ती फिरावीच. पण केल्फरची गोष्ट मी कधी फिरताना पाहिली नाही, आणि त्याचं कारण मला कळतं. ती तेवढी सरळ नाही. एड्सच्या वेळी औषधं सिद्ध झालेली होती, भांडण किमतीचं होतं. केल्फरच्या वेळी किमतीचा प्रश्न सुटला होता आणि सुरक्षिततेचा उघडा होता. अभिमान वाटायला हरकत नाही, मलाही वाटला. पण त्या अभिमानाच्या आत एक बोच आहे. जगातल्या श्रीमंत देशांनी ज्या औषधाला अजून हात लावला नव्हता, ते आपल्या मुलांनी आधी गिळलं.

हे चुकलं होतं का? मी बरेच दिवस या प्रश्नाभोवती फिरलो. माझं मत असं झालं की परवानगी देणं चुकलं नव्हतं. ज्या मुलाला डेसफेरल कधीच मिळणार नव्हतं, त्याच्यासाठी केल्फरची तुलना डेसफेरलशी करणं म्हणजे उपाशी माणसाला दोन पंचतारांकित हॉटेलांतला फरक समजावणं. त्याच्यासाठी तुलना साठत जाणाऱ्या लोहाशी होती, आणि लोह काय करतं हे पक्कं माहीत होतं. चूक असलीच तर परवानगीनंतरची आहे. तिच्याकडे येतो, पण त्याआधी टोरांटो.

सीबाने सोडलेला धागा कॅनडाच्या अपोटेक्स कंपनीने उचलला. टोरांटोच्या लहान मुलांच्या रुग्णालयात डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी या औषधाच्या चाचण्या करत होत्या. १९९५ मध्ये त्यांनीच ते चांगलं काम करतं असं छापलं होतं. मग काही रुग्णांत त्यांना दिसलं की औषधाचा असर ओसरतोय आणि यकृतात लोह पुन्हा वाढतंय. रुग्णांना हे सांगितलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. कंपनीचा करार गुप्ततेचा होता. मे १९९६ मध्ये कंपनीने चाचण्या बंद केल्या आणि बोललात तर कायदेशीर कारवाई करू असा इशारा दिला. ऑलिव्हिएरी बोलल्या. ऑगस्ट १९९८ मध्ये त्यांचा लेख आला: ज्यांचं यकृत तपासता आलं अशा १४ रुग्णांपैकी ५ जणांत यकृताचा व्रण वाढला होता, तर डेसफेरलवरच्या १२ पैकी एकातही नाही. त्यांना पदावरून हटवलं गेलं, परत घेतलं गेलं, पत्रकबाजी झाली. २००१ मध्ये कॅनडातल्या प्राध्यापकांच्या संघटनेने नेमलेल्या समितीने त्यांची बाजू योग्य ठरवली.

इथे थांबलो असतो तर मी त्या अम्मीला सांगितलं असतं, ही गोळी बंद कर. इंटरनेटवर अर्धी गोष्ट वाचण्याचा हाच धोका आहे.

कारण पुढे काय झालं? २००२ मध्ये ५६ रुग्णांच्या यकृताच्या आधीच्या आणि नंतरच्या मिळून ११२ तुकड्यांची तपासणी छापली गेली आणि तिच्यात व्रण वाढल्याचं दिसलं नाही. त्या अभ्यासामागे अपोटेक्सचा हात होता, हेही नोंदवायला हवं. त्याच वर्षी लंडनहून हृदयाच्या एमआरआयचे निष्कर्ष आले: डिफेरिप्रोन घेणाऱ्यांच्या हृदयात डेसफेरलवाल्यांपेक्षा कमी लोह होतं. हा रेणू लहान आहे, हृदयाच्या पेशीत शिरू शकतो. मग २००६ मध्ये इटलीचा अभ्यास आला. ३५९ रुग्ण फक्त डेसफेरलवर होते, १५७ डिफेरिप्रोनवर गेलेले. डेसफेरल घेतानाच्या काळात हृदयाच्या ५२ गंभीर घटना घडल्या आणि त्यांत १० मृत्यू. डिफेरिप्रोन घेतानाच्या काळात एकही नाही. सायप्रसमध्येही दोन्ही औषधं एकत्र द्यायला लागल्यावर हृदयाने होणारे मृत्यू कमी झाले.

म्हणजे ज्या औषधावर यकृत बिघडवतं असा आरोप होता, ते हृदय वाचवत होतं. आणि ही मुलं मरत होती ती मुख्यतः हृदयाने. ऑलिव्हिएरींची चिंता म्हणून खोटी ठरत नाही. रुग्णाला सांगायचा त्यांचा हक्क तर अजिबातच नाही. पण पाच वर्षांत जे दिसलं त्यापेक्षा पंधरा वर्षांत दिसलेलं चित्र वेगळं होतं. दीर्घकालीन सुरक्षितता या शब्दातला 'दीर्घ' हा भाग कुठल्याही प्रयोगशाळेत घाईने घडवता येत नाही. कुणीतरी ती वर्षं प्रत्यक्ष जगावी लागतात.

युरोपने १९९९ मध्ये, तेही अपवादात्मक परिस्थितीतली म्हणून आणि डेसफेरल चालत नसेल तरच, परवानगी दिली. अमेरिकेने दिली ऑक्टोबर २०११ मध्ये. मुंबईत केल्फर आलं त्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर सोळा वर्षांचं झालं होतं. दरम्यान २००५ मध्ये नोव्हार्टिसचं डेफेरासिरॉक्स आलं होतं, पाण्यात विरघळवून दिवसातून एकदा घ्यायचं. सगळ्यांना वाटलं, सुटलो. २०१० मध्ये त्यावरही मूत्रपिंड, यकृत आणि पोटातल्या रक्तस्रावाबद्दलचा सर्वांत कडक इशारा छापावा लागला. आपल्याकडे आज अनेक मुलं या गोळीवर आहेत, काही डिफेरिप्रोनवर, काही दोन्हींवर. मुलापुरतं कोणतं योग्य, ते त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आणि मुलांमध्ये ही दोन औषधं समोरासमोर ठेवून नीट तोललेली मोठी चाचणी केव्हा छापली गेली? २०२० मध्ये. केल्फर आल्यानंतर २५ वर्षांनी. एका महिन्याच्या बाळापासून अठरा वर्षांपर्यंतची ३९३ मुलं होती, काळ एक वर्षाचा. डिफेरिप्रोन कमी पडलं नाही. पांढऱ्या पेशी एकदम घसरण्याचा प्रकार त्यावरच्या तीन मुलांत झाला. चाचणीतले देश इटली, ग्रीस, सायप्रस, अल्बेनिया, ब्रिटन, इजिप्त आणि ट्युनिशिया. भारत त्यात नव्हता.

परवानगीनंतरची चूक म्हणालो ती ही. भारतात दरवर्षी दहा हजारांच्या आसपास मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात असा अंदाज वर्षानुवर्षं दिला जातो. हे औषध सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त वर्षं, गरिबातल्या गरिबाच्या घरी आपण वापरलं. पण जगात आज ज्या अभ्यासांच्या आधारे बोललं जातं ते इटली, सायप्रस, ब्रिटन, कॅनडाचे आहेत. गोऱ्या लोकांत जास्त आढळणारा असाच एक जनुकीय आजार आहे, सिस्टिक फायब्रोसिस. त्याच्यावरच्या नव्या गोळ्या अमेरिकेत २०१९ मध्ये आल्या, २०२३ मध्ये दोन वर्षांच्या मुलांपर्यंत पोचल्या, आणि तिथल्या आयादेखील हाच प्रश्न विचारतायत, इतकी वर्षं घेतल्यावर काय? फरक इतकाच की त्या आजाराच्या रुग्णांची नोंदवही तिथे १९६० च्या दशकापासून चालू आहे. मूल कुठल्या गावात औषध घेतंय, त्याचं वजन किती, फुप्फुसं कशी, दरवर्षी लिहिलं जातं. वीस वर्षांनी त्या आईच्या नातीला उत्तर मिळेल. १९९५ मध्ये मुंबई, नाशिक, मालेगाव, उल्हासनगरच्या ज्या मुलांनी पहिल्या कॅप्सूल घेतल्या, त्यांचे गुडघे पुढे कसे राहिले, किती जण चाळिशीकडे पोचले, हे त्यांच्या घरांतल्या जुन्या फायलींत आहे. एकत्र कुठे वाचायला मिळावं म्हणून मी पुष्कळ शोधलं.

आता त्या अम्मीच्या फाईलकडे परत येतो. मी ती तिच्या परवानगीने पानापानाने पाहिली. रक्त चढवल्याच्या नोंदी व्यवस्थित होत्या. फेरिटिनचे, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणाऱ्या तपासणीचे, तीन-चार रिपोर्ट होते. पण पांढऱ्या पेशींची वेगळी मोजणी सांगणारा सीबीसी वर्षभरात दोनदाच. या औषधाच्या माहितीपत्रकात सुरुवातीच्या महिन्यांत ही तपासणी दर आठवड्याला करायला सांगितली आहे. मी विचारलं, ताप आल्यावर काय करता? ती म्हणाली, "क्रोसिन देते, गोली चालू रखती. गोली छूटनी नहीं चाहिए ना." लोहाची गोळी चुकवायची नाही हे तिला कुणीतरी पक्कं सांगितलं होतं. ताप आला तर तीच गोळी ताबडतोब थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं असतं, हे सांगायचं राहून गेलं होतं. कुणाला दोष द्यावा? ओपीडीत एका डॉक्टरमागे शंभर माणसं, आणि जे सांगायचं ते मराठीत किंवा इंग्रजीत छापलेल्या पत्रकावर. तिला वाचता येते ती फक्त उर्दू.

आणखी एक गोष्ट निघाली. मुलाचे गुडघे अधूनमधून दुखतात, आणि दुखले की नवरा-बायको आपल्या मनाने आठवडाभर गोळी बंद ठेवतात. डॉक्टरांना सांगत नाहीत, ते रागावतील म्हणून. म्हणजे थांबवायची तेव्हा चालू, आणि विचारून ठरवायचं तेव्हा आपोआप बंद. तीस वर्षांच्या सगळ्या वादाचा निकाल तिच्या स्वयंपाकघरात असा उलटा लागत होता. औषध सुरक्षित आहे की नाही, यावर लंडन-टोरांटोत ग्रंथ झाले. पण त्या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, की आठवड्याला रक्त तपासलं जाईल. इथे खासगी लॅबमध्ये तपासायचं तर नवऱ्याचा रिक्षाचा अर्धा दिवस जातो आणि वर लॅबचे पैसे. सरकारी दवाखान्यात पैसे नाहीत, पण दिवस पूर्ण जातो.

पुढच्या तारखेला मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टर तरुण होत्या, दमलेल्या होत्या, पण ऐकून घेतलं. गुडघ्यांचं ऐकल्यावर त्यांनी मुलाला टेबलावर बसवून दोन्ही पाय वाकवून पाहिले, डोस बदलला आणि म्हणाल्या की त्रास वाढला तर दुसऱ्या औषधाचा विचार करू, पण न सांगता बंद करू नका. सीबीसी किती दिवसांनी, ते त्यांनी केसपेपरवर लिहून दिलं. ताप आला तर काय, तेही. घरी येऊन मी ते उर्दूत उतरवलं, मोठ्या अक्षरांत, चार ओळी: बुखार आए तो ये गोली फ़ौरन बंद. उसी दिन खून की जाँच. रिपोर्ट डॉक्टर को दिखाना. फिर जब वो कहें तब शुरू. एक प्रत कपाटाच्या दाराला आतून लावली, एक अब्बूच्या रिक्षात, एक मुलाच्या कंपासपेटीत. शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांनाही दाखवून ठेवली.

तिच्या मूळ प्रश्नाला मी दिलेलं उत्तर असं होतं: गोळी जन्मभर, किंवा दुसरं काही चांगलं येईपर्यंत. नुकसान होऊ शकतं, सगळ्यांना होत नाही, आणि ज्यांना होतं त्यांचं बहुतेकदा तपासणीत आधी कळतं. गोळी न घेतल्याने होणारं नुकसान मात्र नक्की आहे. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "ये सब किसने आज़माया, सर?" मी म्हणालो, इसके जैसे बच्चों ने. तिने मुलाकडे पाहिलं आणि पट्टी परत पिशवीत ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सोमवारी तो आला नाही. तारखेला अजून दहा दिवस होते. दुपारी तिचा फोन आला, रात्री ताप चढला होता, गोळी बंद केली, सकाळी रक्त दिलंय. संध्याकाळी रिपोर्टचा फोटो आला. पेशी ठीक होत्या, ताप साध्या सर्दीचा निघाला. डॉक्टरांना विचारून चार दिवसांनी तिने गोळी पुन्हा सुरू केली. शुक्रवारी तो वर्गात होता, नाक लाल, हात वर.